गणपतीला गावी जाऊन आलो आणि इंजिनातलं ऑइल गेलं कुठे?

प्रश्न : काका, नमस्कार. मी मुलुंडला राहते, ऑफिस ऐरोलीला. गेल्या वर्षी पाडव्याला आम्ही नवी गाडी घेतली, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. आतापर्यंत अकरा हजार किलोमीटर झाले. यंदा एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग झालं तेव्हा ऑइल बदललं. गणपतीला गुहागरला निघायच्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्येच डिपस्टिक काढून बघितली, ऑइल वरच्या खुणेला टेकलं होतं. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर झाले. परत आल्या आल्या, गेटबाहेर गाडी थांबवून पुन्हा बघितलं, तर खालच्या खुणेच्या जेमतेम वर! गाडीखाली थेंब नाही, धूर नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, नॉर्मल आहे, पुढच्या सर्व्हिसला बघू." नवरा म्हणतो, लाल दिवा लागत नाही तोवर काळजी कशाला. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवायचे. त्यांच्याकडे २०डब्ल्यू-४० या जाड ऑइलचा डबा आहे, ते म्हणतात अर्धा लिटर ओत आणि मोकळी हो. शेजारचे म्हणतात, स्वतः ऑइल टाकलंस तर वॉरंटी गेली. मी नक्की काय करू?

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी एक विनंती. आज काहीच ओतू नका. अण्णांच्या डब्यातलं नको आणि नवीन आणलेलंही नको. उद्या सकाळी पुन्हा एकदा पट्टी, म्हणजे तुमची डिपस्टिक, बघा, मग ठरवू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सातशे किलोमीटरमध्ये गाडी एवढं ऑइल प्यायली असेल असं मला वाटत नाही. थोडं प्यायली असेल. बाकीचा फरक काही मोजण्यातला आहे, आणि काही तर असा आहे की निघताना जे ऑइल म्हणून दिसत होतं, ते सगळं ऑइल नव्हतंच.

मोजण्यापासून सुरुवात करू. निघताना तुम्ही सकाळी बघितलंत, म्हणजे इंजिन रात्रभर थंड झालेलं, वरचं सगळं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात आलेलं. परत आल्यावर मात्र इंजिन बंद केल्या केल्या पट्टी काढलीत. त्या वेळी बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, टर्बोत, फिल्टरमध्ये आणि बारीक नळ्यांतच असतं. ते खाली यायला पाच-दहा मिनिटं लागतात. लगेच बघितलं तर पातळी हमखास कमी दिसते. दुसरं म्हणजे जागा. एकदा पार्किंग, एकदा गेटबाहेरचा रस्ता. आपल्याकडच्या सोसायट्यांत पोडियमला पाणी वाहून जायला मुद्दाम उतार ठेवलेला असतो, गेटच्या बाहेर रस्ता गटाराकडे कललेला असतो, आणि यांत्रिक पार्किंगमधली लोखंडी पाटीही कित्येकदा पुढून किंवा मागून झुकलेली असते. डोळ्यांना ते कळत नाही. चेंबर म्हणजे शेवटी एक उथळ परात. परात जराशी कलली की पाणी एका काठाला चढतं, तसंच हे. पट्टी ज्या काठाला आहे तिथे चढलं तर जास्त दिसतं, उतरलं तर कमी. पाण्याची अर्धी भरलेली बाटली गाडीजवळ जमिनीवर आडवी ठेवून बघा, घरंगळली तर ती जागा ऑइल बघायची नव्हे. सपाट जागा सापडत नसेल तर निदान एक करा, दर वेळी त्याच जागी, गाडीचं तोंड त्याच बाजूला ठेवून बघा. आकडा थोडा चुकीचा आला तरी दर वेळी तेवढाच चुकेल, आणि आपल्याला बघायचा आहे तो फरक.

आता प्रत्यक्ष बघणं. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडा. काही कंपन्या थंड इंजिनावर बघायला सांगतात, काही गरम करून, बंद करून काही मिनिटांनी. ऑइल गरम झालं की फुगतं, म्हणून दोन्ही पद्धतींत थोडा फरक पडतो. तुमच्या पुस्तिकेत जे आहे तेच करा, आणि नेहमी तेच करा. बोनेट उघडण्याआधी ओढणी, पदर, लोंबकळणारी बाही आवरून घ्या. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा गरम गाडीत आपोआप फिरू लागतो.

पट्टी पहिल्यांदा काढाल तेव्हा तिच्याकडे बघूच नका, नुसती पुसा. गाडी चालताना उडालेलं ऑइल तिच्यावर सगळीकडे माखलेलं असतं. धागे न सुटणारं जुनं सुती फडकं घ्या. मग पट्टी पूर्ण आत घाला, मूठ टेकेपर्यंत, दोन क्षण थांबा आणि सरळ वर काढा. आता टोक खाली धरून, उजेडाकडे थोडं तिरकं करून बघा. नव्या गाड्यांतलं ऑइल इतकं पातळ असतं की ताजं असताना चकचकीत पट्टीवर ते दिसतच नाही. मी पट्टीचं टोक पांढऱ्या टिशू पेपरवर हलकेच आडवं टेकवतो. कागदावर जिथपर्यंत डाग उमटतो तिथपर्यंत ऑइल. पट्टीच्या दोन बाजूंना वेगवेगळी रेघ दिसली तर घाबरू नका. बाहेर काढताना नळीच्या कडेचं ऑइल एका बाजूला ओरखडत वर येतं, त्यामुळे ती बाजू खोटं सांगते. दोन्हींतली खालची रेघ खरी धरायची. शंका आली तर पुसून पुन्हा. मी आजही तीनदा बघतो.

दोन खुणांच्या मधलं अंतर बोटाच्या एका पेराएवढं असतं. बऱ्याच गाड्यांत ते साधारण एक लिटरचं असतं, लहान इंजिनांत त्याहून थोडं कमी. म्हणजे खालच्या खुणेवर आलं म्हणून इंजिन कोरडं पडलं असं होत नाही. तुमच्यासारख्या इंजिनात एकूण साडेतीन-चार लिटर ऑइल असतं, त्यातला तो वरचा एक लिटर. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी चालतं. वरच्या खुणेला टेकलंच पाहिजे, हा आग्रह सोडून द्या. तो का सोडायचा ते पुढे येतंच आहे.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचं घर ते ऑफिस अंतर किती? मुलुंड-ऐरोली पूल ओलांडला की सात-आठ किलोमीटर, त्यात पुलाजवळची रांग. सकाळी थंड गाडी चालू करायची, वीस-पंचवीस मिनिटांत बंद करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. इंजिन थंड असताना त्याला पेट्रोल जास्त लागतं, आणि या नव्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, मोठ्या दाबाने फवारलं जातं. त्यातलं थोडं थंड भिंतीला चिकटतं, जळत नाही, आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने झिरपून खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतं. प्रत्येक थंड इंजिनात हे थोडं घडतंच. ऑइल नीट तापलं की हे पेट्रोल वाफ होऊन उडतं, आणि ती वाफ एका नळीतून पुन्हा इंजिनातच जळायला जाते. पण ऑइल तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं. ऑइल त्या वेळी अजून कोमटच असतं. तुमची गाडी पुलापलीकडे पोचते आणि ऑइल तापायच्या आतच बंद होते. एप्रिल ते ऑगस्ट रोज हेच चाललं. इंजिन थोडं ऑइल खात होतं आणि त्याच वेळी थोडं पेट्रोल त्यात भर घालत होतं. पट्टीवरची रेघ जागची हलत नव्हती, आणि सगळं छान आहे असं वाटत होतं.

मग गणपती आले. पहाटे निघालात, सात-आठ तास इंजिन सलग तापलेलं. महिनोन्महिने साठलेलं पेट्रोल, पावसाळ्यात धरलेली पाण्याची वाफ, सगळं एका प्रवासात उडून गेलं. मागे राहिलं ते खरं ऑइल, आणि ते होतं तेवढंच दिसलं. लांबच्या प्रवासाने ऑइल खाल्लं असं वाटतं, पण बरीचशी तूट आधीपासूनचीच होती.

याची एक घरगुती खूण आहे. पुढच्या वेळी, ऑफिसचे दहा-पंधरा दिवस गेले की, थंड इंजिनाची पट्टी काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा उग्र वास आला आणि बोटांत घेतलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर हेच चाललंय. आणि लक्षात ठेवा, पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसणं ही आनंदाची गोष्ट नाही. इंजिन ऑइल तयार करत नाही. वर चढलं असेल तर त्यात दुसरं काहीतरी आलंय. बीएस-६ डिझेल गाड्यांतही असंच होतं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेतला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतो, आपण मध्येच गाडी बंद केली की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिझेलवाल्यांनी वरच्या खुणेच्या पलीकडे गेलेली रेघ दिसली तर सरळ गॅरेज गाठावं.

तेव्हा उद्या सकाळी नीट बघून ऑइल अर्ध्याच्या वर असेल तर काही करू नका. अर्ध्याच्या खाली, खालच्या खुणेजवळच असेल, तर टॉप-अप करा. पण थोडं. दोनशे मिलिलिटर ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, बघा. पुन्हा दोनशे, पुन्हा थांबा. पाऊण भागापर्यंत आलं की बस. वरचा पाव भाग मी तुम्हाला मुद्दाम मोकळा ठेवायला सांगतोय, कारण उद्यापासून पुन्हा ऐरोली सुरू आणि पेट्रोलची भर सुरू.

जास्त झालं तर काय, असं लोक मला नेहमी विचारतात. थोडं जास्त गेलं तर बरंच, असा समज आहे. भांडुपला माझं गॅरेज होतं तेव्हा एक गृहस्थ गाडी घेऊन आले, मागे निळसर धुराचा लोट. पट्टीवर ऑइल दिसत नाही म्हणून त्यांनी भरत भरत अख्खा तीन लिटरचा डबा रिकामा केला होता. पट्टी ते उताराच्या पार्किंगमध्ये बघत होते. चेंबरमध्ये ऑइल इतकं चढलं होतं की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरताना त्यात बुडत होता आणि ऑइल रवीने ताक घुसळल्यासारखं फेसाळत होतं. फेसात हवा असते, हवेने बेअरिंगला वंगण मिळत नाही. वर जास्तीचं ऑइल श्वासाच्या नळीतून इंजिनात जळायला जातं, आणि तो धूर पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतो. कमी ऑइलइतकंच जादा ऑइलही वाईट. चुकून जास्त पडलं तर गाडी चालू करू नका, मेकॅनिकला बोलावून जादाचं काढून घ्या.

ओतताना झाकण कुठलं ते दोनदा बघा. ऑइलच्या झाकणावर झारीचं चित्र असतं. आधी झाकणाच्या आजूबाजूची धूळ पुसा, नरसाळं कोरडं आणि स्वच्छ घ्या, आणि काढलेलं झाकण बॅटरीवर किंवा डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे परत लावायचं राहत नाही. टर्बोच्या आसपास दोन थेंब सांडले तर पुढचे दोन दिवस जळका वास येईल. सांडलं असेल तेव्हाच पुसून घ्या.

आता अण्णांचा डबा.

अण्णांना आधी माझा नमस्कार सांगा. पहाटे स्टँडवर जाण्याआधी बोनेट उघडून पाणी आणि ऑइल बघणारे टॅक्सीवाले मी पाहिलेले आहेत. गाडी बंद पडली तर दिवसाची कमाई बुडायची, म्हणून त्यांचा हात त्या पट्टीकडे आपोआप जायचा. त्यांच्या त्या सवयीमुळेच तुमच्या घरात आज कोणाला तरी पट्टी काढायची आठवण झाली, असं मी मानतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती पद्मिनी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० योग्यच होतं. त्याच्या भागांमधल्या फटी मोठ्या, ऑइल जाड लागायचं.

तुमच्या इंजिनाची घडण वेगळी आहे. फटी बारीक, ऑइलच्या वाटा बारीक, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. चालू करताक्षणी ऑइल तिथे पोचलं पाहिजे. म्हणून पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असेल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा गरम झाल्यावर किती जाड राहतं ते. 'मुंबईत कुठे आलाय बर्फ, आपल्याला शून्य कशाला' असं गॅरेजातले लोकही म्हणतात. पण आपल्या अठ्ठावीस अंशांच्या सकाळीसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने ऑइल थंडच असतं. ते काम करतं ते नव्वद-शंभर अंशांवर.

जाडीपेक्षाही मोठं कारण डब्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. लहान टर्बो इंजिनांना एक आजार आहे. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, जोर देऊन ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो. एखादा जोरदार ठोका बसतो आणि पिस्टन तडकू शकतो. ऑइलमध्ये कोणती रसायनं आहेत यावर हे बरंच अवलंबून असतं, म्हणून त्यावर उपाय असलेलं ऑइल २०१८मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस या श्रेणीत आलं आणि मे २०२०पासून एपीआय एसपी या श्रेणीत. अण्णांच्या डब्यावर ही अक्षरं नसतील. तुमच्या पुस्तिकेत जो ग्रेड आणि जी श्रेणी लिहिली आहे, ती दोन्ही डब्यावर जुळली पाहिजेत. कंपनी वेगळी असली तरी हरकत नाही, एकाच ग्रेडची आणि श्रेणीची दोन ऑइलं एकमेकांत मिसळली तर काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र मनात ठेवा. रात्री घाटात आहात, ऑइल पट्टीवर लागतच नाही आणि जवळच्या टपरीवर दुसरंच ऑइल मिळतंय, तर तेच ओता. कोरड्या इंजिनापेक्षा चुकीचं ऑइल पुष्कळ बरं. जेवढं जवळचं मिळेल तेवढं घ्या, सावकाश चालवत घरी या, आणि त्याच आठवड्यात सगळं ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी जरा कठोरपणे खोडून काढणार आहे, कारण या एका समजापायी गेलेली इंजिनं मी उघडली आहेत. झारीचं चित्र असलेला तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. तो दाब सांगतो. दाब पडला म्हणजे पंपाला खालून ऑइल मिळेनासं झालं, म्हणजे धातू धातूवर घासायला सुरुवात झालीच. तो लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे ताप बघायला शुद्ध हरपायची वाट बघणं. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो, तुमच्या गाडीत आहे का ते पुस्तिकेत बघा. पातळी कमी असली तर लाल दिवा आधी घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर क्षणभर लुकलुकतो, कारण ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. सरळ रस्त्यावर तो पुन्हा विझतो आणि आपण विसरून जातो. विसरू नका. लाल दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गाव असं काही नाही. गाडी कडेला, इंजिन बंद, पट्टी बघा. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर गाडी ओढून न्या.

वॉरंटीबद्दल शेजाऱ्यांचा गैरसमज आहे. पुस्तिकेतच मालकाने अधूनमधून, आणि लांबच्या प्रवासाआधी, ऑइल तपासावं असं लिहिलेलं असतं. ते पान त्यांना दाखवा. सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल टाकलं तर वॉरंटीला धक्का लागायचं कारण नाही. फक्त पुरावा ठेवा. डबा सीलबंद घ्या, बिल घ्या, डब्यावरच्या ग्रेडचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळेल, पण ऑइल सुटं, मापाने, किंवा सील ढिलं असलेल्या डब्यातून कुठूनही घेऊ नका. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी कापून टाका, नाहीतर त्यातच बनावट माल भरून तो पुन्हा बाजारात येतो.

सर्व्हिस सेंटरने 'नॉर्मल आहे' म्हटलं ते खोटं असेलच असं नाही. नवं इंजिन थोडं ऑइल खातं, पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये रिंगा बसेपर्यंत जरा जास्त. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप ठीक मानलेला असतो. पण एवढा खप चालू असेल आणि पुढचं सर्व्हिसिंग सात-आठ हजार किलोमीटर लांब असेल, तर मधल्या काळात इंजिन कोरडं पडेल, हा साधा हिशेब आहे. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' हे उत्तर मला मान्य नाही. तुम्ही त्यांच्याकडे आकडे घेऊन जा. टॉप-अप केल्यावर त्याच दिवशी पट्टीचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मग दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी. हजार किलोमीटरमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त गेलं, तर त्यांना ऑइल खपाची चाचणी करायला सांगा. त्यात ते ऑइल मोजून भरतात, झाकणं सील करतात आणि ठरलेल्या किलोमीटरनंतर पुन्हा मोजतात. तोंडी काही स्वीकारू नका, तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या आणि प्रत मागा. वॉरंटी चालू आहे तोवरच याला वजन आहे.

शिवाय माझ्या मते तुम्ही एप्रिलपर्यंत थांबू नये. पुस्तिकेच्या सर्व्हिसिंगच्या पानाखाली बारीक अक्षरात कठीण वापराचा तक्ता असतो. थोडं-थोडं अंतर, सतत थांबत-चालत जाणं, उभ्या गाडीचं इंजिन चालू, धूळ. म्हणजे मुंबई. त्या तक्त्यात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. तुमच्यासाठी दिवाळीच्या आसपास बदलणं मला योग्य वाटतं. दोन-तीन हजारांचा खर्च आहे, आणि पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल इंजिनात वर्षभर ठेवण्यापेक्षा तो मला परवडतो. दर रविवारी नाही जमलं तरी एखाद्या रविवारी पहाटे गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा. मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, चेंबूरला फ्रीवेवर चढायचं, सीएसएमटीकडे उतरून मरीन ड्राइव्हला चहा, आणि परत. अण्णांनाही घेऊन जा, त्यांचे रस्ते आहेत ते. सलग पाऊण तास तापलेलं ऑइल त्यातलं पेट्रोल आणि पाणी बाहेर टाकून देतं.

पाणी म्हटलं म्हणून. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ, पिवळट फेस दिसला आणि पट्टीवरचं ऑइल मात्र स्वच्छ असलं, तर ती थोड्या अंतराच्या फेऱ्यांतली साठलेली वाफ आहे, लांब चालवली की जाते. पट्टीवरचंच ऑइल दुधाळ असेल तर गाडी चालू करायची नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर आठवडाभर माझ्या दारात ओढून आणलेल्या गाड्यांची रांग होती. मी एकेकीची पट्टी काढायचो आणि टोकावर दूध घातलेल्या कॉफीसारखं काहीतरी लोंबत असायचं. ज्यांनी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवली नव्हती, त्यांची इंजिनं ऑइल दोन-तीनदा बदलून वाचली. ज्यांनी 'चालू होतेय का बघू' म्हणून सेल्फ मारला, त्यांच्या पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉड वाकल्या होत्या. हवा दबते, पाणी दबत नाही. गाडी कधी पाण्यात उभी राहिली तर किल्लीच्या आधी पट्टी.

रंगावरून मात्र निदान करू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यानंतर दोन दिवसांत काळं होतं आणि ते ठीक असतं. सीएनजीवरच्या गाडीत काजळी कमी, म्हणून ऑइल महिनोन्महिने मधासारखं दिसतं, आणि लोक 'अजून चांगलं आहे' म्हणून बदलायचं टाळतात. दिसतं चांगलं, पण आतली रसायनं संपलेली असतात. तिथे किलोमीटर आणि महिनेच मोजायचे.

तर उद्या सकाळी, गाडी जागची न हलवता, पट्टी बघा. आधी सांगितली तशी बाटली ठेवून जमिनीचा उतारही बघा. रेघ कुठे आली, वास कसा आला, आणि टाकलंत तर किती टाकलं, हे तिन्ही लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की फोटोंसकट मला पुन्हा लिहा. सर्व्हिस सेंटरला द्यायचा अर्ज मग आपण मिळून तयार करू.